लपली आली

विद्युल्लता इंगळेचं फॉल-पिकोचं दुकान देवासला टेकडीच्या पायथ्याशी एका गल्लीत आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशीनं, भिंतीवर रंगाप्रमाणे लावलेली दोऱ्याची रिळं आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं. दिवसभर साड्यांच्या कडा डोळ्यांसमोरून सरकत असतात. डोळे आणि हात कामात गुंतलेले, कान मात्र मोकळे. म्हणून तिला रेडिओ लागायचा. पण रेडिओवरची सिनेमाची गाणी तिला इतकी पाठ झाली होती की पुढच्या ओळीआधी येणारी बासरीसुद्धा ती तोंडाने वाजवून दाखवायची.

मागच्या उन्हाळ्यात आरोहीने, तिच्या मुलीने, तिच्या फोनमध्ये एक नवीन गंमत टाकून दिली. पडद्यावर पृथ्वीचा गोळा होता आणि त्यावर खसखस सांडावी तसे ठिपके.

"आई, इथे कुठेही बोट ठेव. तिथला रेडिओ लागतो. एकदम लाइव्ह."

"कुठेही म्हणजे? समुद्रात ठेवलं तर?"

"समुद्रात कोण गाणार? जमिनीवर ठेव ना."

पहिल्या दिवशी विद्युल्लताने मंगोलियावर बोट ठेवलं. एक माणूस एकाच गळ्यातून दोन सूर काढत होता, एक खाली घुमणारा आणि एक वर शिट्टीसारखा. फोन बिघडला असं वाटून तिने तो बंद करून पुन्हा चालू केला. माणूस तसाच गात होता. दुसऱ्या दिवशी बल्गेरियातल्या बायका लागल्या. त्या इतक्या कसून गात होत्या की ब्लाउजपीस घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "भाभीजी, अंदर कोई लड़ रहा है क्या?"

लवकरच तिला आवड लागली ती लोकगीतांची. सिनेमाची गाणी सगळीकडे सारखीच वाटायची. लोकगीतांचं तसं नव्हतं. भाषा कळत नसली तरी गाणं कशासाठी आहे ते हळूहळू कळू लागायचं. हे पाळणा हलवतानाचं, कारण मध्येच जांभई आल्यासारखं थांबतं. हे वल्ही मारतानाचं, कारण सगळे एकदम "हं" म्हणतात. ती अंदाज करायची आणि आरोही कॉलेजातून आली की तिला शोधायला लावायची. कधी अंदाज बरोबर निघायचा, कधी सपशेल चुकायचा. पाळणा म्हणून जे गाणं तिने आठवडाभर ऐकलं, ते डुक्कर मारल्यावर जेवायला बोलावण्याचं निघालं.

"छी! आणि मी ते गुणगुणत होते," ती म्हणाली. पण चुकल्याचं तिला वाईट वाटलं नाही. उलट मजा आली.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका गावातलं छोटंसं स्टेशन तिला सापडलं होतं. तिथे गुरुवारी एक बाई जगभरची गाणी लावायची. बाईचा आवाज संथ होता, समोर बसून शेंगा सोलता सोलता बोलावं तसा. आपल्याकडे तेव्हा दुपार असायची, गिऱ्हाईक कमी. आषाढातल्या एका गुरुवारी विद्युल्लता मोहरी रंगाच्या साडीला फॉल टाचत होती. बाईचं बोलणं संपलं, झांजा आणि ढोलकीसारखं काहीतरी वाजू लागलं आणि बायकांचा आवाज आला:

*बाप उठला गं, लपली आली,*
*कोयता ठेवला गं, लपली आली,*
*आई बसली गं, लपली आली,*
*माझ्या दारी गं, लपली आली.*

तिच्या बोटात टाचणी रुतली. रक्ताचा थेंब साडीला लागू नये म्हणून तिने बोट तोंडात घातलं आणि तशीच ऐकत राहिली.

मराठी! फ्रान्सच्या रेडिओवर! पण हे कुठलं मराठी? शब्द ओळखीचे होते आणि म्हणण्याची तऱ्हा मात्र अनोळखी, जणू जिभेखाली खडीसाखर ठेवून गातायत. पुढच्या कडव्यांतलं तर अर्धंसुद्धा कळलं नाही. "शेत हासलं" एवढं कानांत पडलं, मग पुन्हा "लपली आली". गाणं संपल्यावर बाई काहीतरी बोलली. शेवटचा शब्द तेवढा स्पष्ट ऐकू आला: "मोरीस."

"कोण गं ही मोरीस?" संध्याकाळी तिने आरोहीला विचारलं. "आणि लपली म्हणजे कोण लपली? लपली असेल तर आली कशी? आणि ती आल्यावर बापाने कोयता का ठेवला?"

"आई, मला आधी पाणी तर पिऊ दे."

गाणं ओळखणारं अ‍ॅप आरोहीकडे होतं, पण त्याला ओळखायला द्यायला गाणं कुठे होतं? पुढच्या गुरुवारी तिने कॉलेज बुडवलं आणि दुसऱ्या फोनवर टेप करायला बसली. त्या दिवशी बाईने सगळी आयर्लंडची गाणी लावली. त्याच्या पुढच्या गुरुवारी मात्र "लपली" पुन्हा लागलं आणि आरोहीने ते टेप केलं. बहुधा कुणीतरी फर्माईश केली असावी. अ‍ॅपने बराच वेळ गोल फिरून सांगितलं की असं गाणं जगात नाही.

"नाही कसं? आत्ता तर वाजलं!" विद्युल्लता म्हणाली.

मग त्या घरात आणि घराबाहेर या गाण्यावर जो तो आपलं डोकं चालवू लागला.

शिवाजीराव, तिचा नवरा, सोयाबीनच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याला गाण्यात रस नव्हता, पण त्याने एकदाच ऐकून निकाल दिला. "म्हैस आहे."

"म्हैस?"

"सरळ आहे ना. म्हैस रानात कुठेतरी लपली होती, सापडत नव्हती. ती आपणहून दारात आली. बाप उठला. कोयता घेऊन शोधायला निघाला होता, तो ठेवला. आई डोक्याला हात लावून उभी होती, ती बसली. और क्या?"

विद्युल्लता हसली, पण मनात म्हणाली, हे अगदीच चूक नसेल. सगळे शब्द बसतायत.

महाराष्ट्र समाजाचे शालिग्रामकाका साडी घ्यायला आले, तेव्हा तिने त्यांनाही ऐकवलं. गणपतीत त्यांचं भाषण ठरलेलं असे. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "वहिनी, हे साधं गाणं नाही. लपली म्हणजे आत्मकळा. ती देहाच्या दारी प्रकटते. कोयता म्हणजे अहंकार. तो खाली ठेवावाच लागतो."

"आणि आई का बसते?"

"आई म्हणजे... माया. माया बसते. म्हणजे शांत होते."

हेही बसत होतं! तिला आश्चर्य याचं वाटलं की एकाच गाण्यात म्हैसही बसते आणि आत्माही. म्हणजे खरा अर्थ तिसराच असला पाहिजे.

तिच्या या गाण्यामागे लागण्याला आणखी एक कारण होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पुण्याला एका लग्नात ती गेली होती. पंगतीत शेजारच्या बाईशी ती चांगली अर्धा तास बोलली. मग ती बाई अगदी प्रेमाने म्हणाली, "तुम्ही हिंदीत बोललात तरी चालेल हं मला. समजतं." विद्युल्लता मराठीतच बोलत होती. तिने जिलबी पानात तशीच ठेवली. आता या कुठल्यातरी दूरच्या बायका तिच्याहून मोडकं मराठी इतक्या मोठ्याने, इतक्या निर्धास्त गात होत्या. त्या कोण आहेत हे तिला कळायलाच हवं होतं.

जुन्या मराठीचा प्रश्न म्हटल्यावर धारच्या आत्याशिवाय कोण? इंदिराबाई, तिच्या वडिलांच्या धाकट्या बहीण, वय चौऱ्याऐंशी. मुलगा धीरज शाळेत मास्तर, सून अल्पना. तिघं कॉलनीतल्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत. रविवारी विद्युल्लता बसने इंदूरला गेली, गंगवाल स्टँडवर धारची बस धरली आणि जेवणाच्या वेळेला आत्याच्या दारात उभी राहिली.

"कां गं, एकटीच? यजमान बरे आहेत ना?" आत्याने विचारलं. आत्याचं मराठी असं होतं की आरोहीला त्यातलं निम्मं कळत नसे.

जेवणं झाल्यावर विद्युल्लताने फोन काढला. आत्याने कानाला हात लावून ऐकलं. पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा त्या सोबत म्हणू लागल्या. त्यांचा आवाज फाटला होता, पण सूर पक्का होता.

"हें महालक्ष्म्यांचं गाणं," त्या म्हणाल्या. "दुसरं काय असणार? वर्षभर मुखवटे कुठें असतात? पेटींत. लपलेलीच असते ती. भाद्रपदांत दारीं येते. म्हणून लपली आली. ती आली कीं बाप उठून उभा राहतो. घरांत कोयता, विळी, कांहीं चालवायचं नाहीं. शेत हासतं, कारण कणसं भरलेलीं असतात. अगदीं स्वच्छ आहे."

विद्युल्लताला ते पटलं. हेच असणार. पेटीतले मुखवटे! तिच्या मनात म्हैस आणि आत्मकळा दोन्ही विरून गेल्या. पण परतीच्या तयारीत चप्पल घालताना तिला काहीतरी टोचलं.

"आत्या, मग आई का बसली? महालक्ष्मीच्या दिवशी आई बसते कुठे? सोळा भाज्या, पुरणपोळ्या, कटाची आमटी. उभ्या उभ्या मरते ती."

"गाण्यांत सगळंच खरं नसतं," आत्या म्हणाल्या आणि अल्पनाला हाक मारून तिच्यासाठी लोणच्याची बरणी बांधायला सांगितली.

बसमध्ये विद्युल्लता तोच विचार करत राहिली. सगळं बसतं, आईच तेवढी बसत नाही. म्हणजे बसते, आणि तीच अडचण आहे.

आरोहीने फ्रान्सच्या स्टेशनला पत्र लिहिलं, इंग्रजीत, आणि फोनकडून त्याचं फ्रेंच करून घेतलं. मोरीस नावाच्या गायिकेचं हे गाणं कुठलं, आम्ही भारतातून ऐकतो, माझी आई साड्यांचं काम करते, तिची मातृभाषा हीच आहे, असं सगळं. पाठवण्याआधी विद्युल्लताने विचारलं, "लपली कोण ते विचारलंस ना?"

"विचारलं, आई. दोनदा विचारलंय."

उत्तराची आशा दोघींनी सोडली होती, तेव्हा ते आलं. आरोही ते वाचताना मध्येच ओरडली, "आई! मोरीस बाई नाही. मोरीस देश आहे!"

फ्रेंचमध्ये मॉरिशसला मोरीस म्हणतात. रेडिओवाल्या बाईने बऱ्याच वर्षांपूर्वी तिथल्या एका खेड्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका गात असताना हे स्वतः टेप केलं होतं. मुख्य आवाज यशोदा भिवाजी नावाच्या बाईंचा. त्या अजून आहेत, त्यांच्या भाचीचा नंबर आपल्याकडे आहे आणि त्यांना विचारून तो कळवते, असं बाईने लिहिलं होतं. शब्दांचा अर्थ मात्र तिला माहीत नव्हता. "मी तो विचारायलाच विसरले," तिने लिहिलं होतं, "आणि आता तुमच्यामुळे मलाही झोप येणार नाही."

"मॉरिशसला मराठी?" शिवाजीराव म्हणाला. "तिथे तर लोक हनिमूनला जातात."

आरोहीने शोधून सांगितलं की दीड-दोनशे वर्षांपूर्वी कोकणातून, रत्नागिरीकडून माणसं जहाजाने उसाच्या मळ्यांवर कामाला नेली होती. त्यांचेच हे वंशज. विद्युल्लता ऐकत होती. तिच्या सासरचे पूर्वज पवारांच्या सैन्याबरोबर देवासला आले, हे तिला लहानपणच्या गोष्टीसारखं माहीत होतं. घोड्याच्या पाठीवर बसून माळव्यात आलेली माणसं तिला डोळ्यांसमोर आणता यायची. जहाजात बसून गेलेली माणसं तिला आणता येईनात.

आठवड्याभराने, रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल ठरला. विद्युल्लता चांगली साडी नेसली, तिने केसांत गजरा माळायला घेतला आणि जास्त होईल म्हणून ठेवून दिला. पडद्यावर नऊवारीतली, मोठं कुंकू लावलेली बाई येईल असं तिला वाटत होतं. पडद्यावर आली ती आखूड केसांची, फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली सत्तरीची बाई. मागे व्हरांडा होता आणि पत्र्यावर वाळत घातलेली गादी.

"नमस्कार," विद्युल्लता म्हणाली.

"नमस्कार, नमस्कार! आमी मराठी," ती बाई म्हणाली आणि छातीला हात लावला. "यशोदा. तुमी पन मराठी?"

"हो. मी विद्युल्लता. देवासची."

"देवास म्हाराष्ट्रात?"

"नाही. मध्य प्रदेशात. आमचे पूर्वज महाराष्ट्रातून इकडे आले."

यशोदाबाईंनी भाचीला काहीतरी विचारलं, तिने काहीतरी सांगितलं, आणि मग यशोदाबाई जोरात हसल्या. "म्हंजे तुमी पन भायेर गेलेली!"

विद्युल्लताने आयुष्यात स्वतःला कधी बाहेर गेलेली म्हटलं नव्हतं. देवास तिचं घर होतं. पण या बाईच्या तोंडून ते ऐकताना तिला ते आवडलं. ती म्हणाली, "हो. आम्हीपण."

बोलणं अडखळत चाललं. यशोदाबाईंचं मराठी संपलं की त्या हिंदीवर यायच्या. सिनेमातली हिंदी होती ती, त्यात मध्येच भोजपुरी. विद्युल्लताचं मराठी अडलं की तीही हिंदीवर जायची. दोघींच्या मराठीच्या भेगा वेगवेगळ्या जागी होत्या, पण भरायला माती एकच होती. आपण अडखळतोय याची तिला लाज वाटत नव्हती, हे नंतर तिच्या लक्षात आलं. विषय पुरले. इथे टोमॅटो कसे, तिथे ऊस आता किती राहिला, गुडघे दुखतात का. शेवटी आरोहीने मागून कोपराने ढोसलं.

"यशोदाताई, ते गाणं. लपली आली. ही लपली कोण?"

"कोन?"

"लपली. जी लपून बसली होती ती. कोण आहे ती? देवी? मुलगी?"

यशोदाबाईंचा चेहरा कोरा झाला. त्यांनी ओळ पुटपुटून पाहिली. "लापली आली... न्हाय, न्हाय. लापली कोन न्हाय. लापली म्हंजे..." त्या शब्द शोधत होत्या. आत कुणाला तरी हाक मारली, उत्तर आलं नाही. मग त्यांनी हात डोक्याच्या वर उंच नेला आणि बोटं नाचवत नाचवत खाली आणली. पुन्हा वर, पुन्हा खाली. "बारिश! बारिश!"

"पाऊस?"

"व्हय, पावस! आमच्या क्रेओलमंदी लापली."

भाचीने इंग्रजीत समजावलं आणि आरोहीने ते आईला सांगितलं. मॉरिशसची रोजची बोली क्रेओल. फ्रेंच शब्द झिजून झिजून ती झाली आहे, आणि तीत पावसाला लापली म्हणतात. गाणाऱ्यांनी सगळं गाणं मराठीत ठेवलं, फक्त पाऊस तिथला घेतला.

 मग शिवाजीराव, जो दाराआडून ऐकत होता, खोलीत येऊन म्हणाला, "मतलब म्हैस नाही."

"नाही," विद्युल्लता म्हणाली. तिला हसू येत होतं आणि थोडं रडूही. देवी गेली, आत्मा गेला. तरी तिने तोच जुना प्रश्न विचारला, कारण तो अजून बाकी होता. "यशोदाताई, पाऊस आला तर आई का बसते?"

आता यशोदाबाईंना शब्द शोधावे लागले नाहीत. "माज्या आजीचा गाना. तिची आय गायची. उसाच्या मळ्यात काम. रोज, रोज. अंधारात जायची, अंधारात यायची. मोटा पावस आला, कोयता चालत न्हाय, तवा सिरदार बोलायचा, जा घरी. पैसा कापायचा. पन बाप घरात. आय घरात. आय बसायची." त्यांनी फ्रॉक गुडघ्यांवर नीट केला. "पोरांना आय गावायची. त्या दिसाला आय गावायची, मिलती थी."

  मग यशोदाबाईंनी गाणं म्हटलं, सगळी कडवी, आणि या वेळी विद्युल्लताला कळलं की शेत हासतं ते पावसाने, आणि जे कडवं तिला कळलं नव्हतं त्यात धाकटा भाऊ आईच्या मांडीवरून उठायला तयार नाही म्हणून सगळे त्याला हसतात.

शालिग्रामकाकांना तिने रस्त्यातच सांगितलं. ते थोडे खट्टू झाले. मग म्हणाले, "तरी दुसरी बाजू राहतेच, वहिनी," आणि गणपतीतल्या भाषणात त्यांनी गाणं घेतलंच, पण म्हणे पावसाचं म्हणूनच घेतलं आणि मॉरिशसबद्दल चांगलं बोलले.

अवघड होतं ते आत्याला सांगणं. दरम्यान अल्पनाने फोन करून कळवलं होतं की आत्याने ते गाणं कॉलनीतल्या आणि नात्यातल्या सगळ्या बायकांना शिकवलं आहे. रोज दुपारी सराव चालतो. महालक्ष्म्या आत घेताना या वर्षी हेच म्हणायचं ठरलं आहे. "तुमच्या आत्या इतक्या खूश आहेत," अल्पना म्हणाली, "औषधसुद्धा वेळेवर घेतायत."

"राहू दे ना, आई," आरोही म्हणाली. "त्यांना काय फरक पडतो?"

विद्युल्लताने दोन दिवस तसं ठेवूनही पाहिलं. पण तिला ते जमेना. आत्याला चूक म्हणायची तिला हौस नव्हती. तिला वाटत होतं की एका आईचं बसणं आपल्याला कळलंय आणि आत्याला ते कळलं नाही, हे बरं नाही. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी ती आरोहीला घेऊन धारला गेली. संध्याकाळी बायका सरावाला जमायच्या आधी, आत्या मुखवटे मऊ कापडाने पुसत असताना, तिने सगळं सांगितलं. यशोदाबाईंचा हात वरून खाली कसा आला तेही करून दाखवलं.

आत्याचा हात थांबला नाही. एक मुखवटा पुसून झाला, त्यांनी दुसरा घेतला.

"पाऊस," त्या म्हणाल्या.

"हो, आत्या."

"मग आई कां बसली?"

विद्युल्लताने तेही सांगितलं. मळा, अंधार, सिरदार, कापलेले पैसे, घरात सापडलेली आई. आत्याने कापडाची घडी घातली.  स्वयंपाकघरातून अल्पनाच्या वाटणाचा आवाज येत होता. मिक्सर थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

"माझी आई मीं बसलेली फक्त एकदां पाहिली," आत्या म्हणाल्या. "पाय मोडला होता तेव्हां."

इतक्यात बायका आल्या. आत्याने त्यांना बसवून घेतलं आणि विद्युल्लतालाच सगळं पुन्हा सांगायला लावलं. एक-दोघी नाराज झाल्या. एवढा सराव केला आणि आता? एकीने विचारलं, महालक्ष्मीपुढे परदेशी शब्द चालेल का? दुसरी म्हणाली, चाल छान आहे, शब्द कोण ऐकतं? बरीच चर्चा झाली, थोडी मराठीत आणि बरीचशी हिंदीत.

"महालक्ष्म्यांपुढे नको," आत्याने शेवटी सांगितलं. "त्यांच्यापुढे त्यांचींच म्हणूं. हें गाणं त्यांचं नाहीं, आपलं आहे. परवां, पूजेच्या दिवशीं, जेवणं आटपलीं कीं म्हणूं."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी आवाहन झालं, कुंकवाची पावलं उमटली, जुनी गाणी झाली. तिसऱ्या दिवशी पूजा, नैवेद्य, आरती, मग पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग बायकांची. अल्पना पहाटेपासून ओट्यापाशी उभी होती आणि शेवटच्या पंगतीतही वाढायला तीच होती. भांडी नळाखाली रचून ती हात पुसत होती, तेव्हा आत्याने तिला मनगटाला धरून स्वयंपाकघरातल्या फरशीवर खाली बसवलं. बाकीच्या भिंतींना टेकून बसल्या. पंखा नव्हता, घामाने सगळ्यांच्या पाठी भिजल्या होत्या. आरोहीने मराठी शब्द हिंदीत बोलल्यासारखे उच्चारत सुरुवात केली आणि आत्याने तिला सावरून घेतलं.

*आई बसली गं, लपली आली...*

दुसऱ्या कडव्याला अल्पनाने डोकं विद्युल्लताच्या खांद्यावर टाकलं आणि डोळे मिटले. बाहेरच्या खोलीतून धीरजने चहाचं विचारलं. "करते हं," कुणीतरी आतून म्हणालं. पण उठलं कोणी नाही. सगळी कडवी म्हणून झाली, आणि मग आत्याने पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.